पेठेचा पोरगा की बाहेरचा? कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीच्या नावाने ओळखला जातो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम ही नावे परगावच्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ ही मंडळे आहेत. प्रॅक्टिस फुटबॉल क्लब, फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ अशा थेट फुटबॉलच्या नावाच्या संस्था आहेत आणि कोल्हापूर पोलिसांचा स्वतंत्र संघही आहे. पण शहराच्या फुटबॉलवर छाप आहे ती तालमीची. तालीम हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत तो लाल मातीच्या हौद्यापाशी येऊन थांबला आणि कोल्हापुरात तिथून आणखी पुढे गेला. इथली तालीम म्हणजे व्यायामशाळा, गणेशोत्सवाचे मंडळ, गल्लीतला तंटा मिटवण्याची जागा, महापुरात बोटी आणि जेवणाची पाकिटे घेऊन निघणारी फौज आणि फुटबॉलचा संघ, हे सगळे एकाच पाटीखाली. पाटाकडील हे नावही पत्त्यासारखे आहे. शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या पाटाची खूण त्यात राहिली आहे.

अशा संघाला मालक नसतो. भागधारक नसतात, तिकीटविक्रीवर चालणारी कंपनी नसते. संघ पेठेचा असतो आणि पेठेतल्या प्रत्येकाला आपण त्याचे अर्धेमुर्धे मालक आहोत असे वाटते. त्यामुळे अकरा जणांत कोण असावे, कोणाला बाकावर बसवावे, कोणाला बाहेरून आणावे आणि गेलेल्याला परत घ्यावे की नाही, हे प्रश्न प्रशिक्षकाच्या वहीत राहत नाहीत. ते कट्ट्यावर येतात, चहाच्या गाड्यावर येतात, घरच्या जेवणातही येतात. कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास गोलांच्या आकड्यांतून जितका कळतो, त्याहून जास्त या वादातून कळतो. वादाचा गाभा एकच आहे: आपला खेळाडू कोणाला म्हणायचे?

या वादाची मुळे कुस्तीत आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले. पेठापेठांतल्या तालमींना राजाश्रय मिळाला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त महाराज युरोपला गेले होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधण्याचे मनावर घेतले आणि १९१२ मध्ये ते मैदान उभे राहिले. मोठी कुस्ती खासबागेत लागायची, पण पैलवान तालमीचा असायचा आणि जिंकला की गुलाल पेठेत उधळला जायचा. एका माणसाच्या अंगावर साऱ्या वस्तीची अब्रू तोलून धरण्याची ही सवय फुटबॉलच्या आधीची आहे. कोल्हापुरी बोलीत तिला ‘ईर्षा’ म्हणतात. या शब्दात मत्सर थोडा आणि चढाओढ जास्त. ईर्षेने खेळला, हे इथे कौतुकाचे वाक्य आहे.

भारतात फुटबॉल आणला तो ब्रिटिश फौजांनी. ड्युरँड कप १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला, रोव्हर्स कप १८९१ मध्ये मुंबईत. १९११ मध्ये मोहन बागानच्या बहुतांश अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली आणि हा खेळ साहेबाचा राहिला नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागात छावणीचे बेळगाव आणि रेल्वेचे मिरज ही फुटबॉलची जुनी ठाणी. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांची रेसिडेन्सी होती, १८८० पासून राजाराम कॉलेज होते आणि १९२२ मध्ये गादीवर आलेले राजाराम महाराज काही काळ इंग्लंडमध्ये हेंडनच्या शाळेत शिकलेले होते. खेळाला पोषक अशी ही हवा होती. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. गावात तिला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, ती ‘केएसए’. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राजाराम महाराजांचे निधन झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खाती गेली, अधिकार गेले, पण केएसए टिकली आणि तिच्यावरचा छत्रपती घराण्याचा हातही टिकला. आजचे श्रीमंत शाहू छत्रपती तिचे आश्रयदाते, तर मालोजीराजे छत्रपती अध्यक्ष. मालोजीराजे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही गेले. लोकशाहीत ज्या मोजक्या ठिकाणी राजघराण्याचा शब्द अजून कायद्यासारखा ऐकला जातो, त्यांत कोल्हापूरचे फुटबॉल मैदान येते. दोन पेठा हातघाईवर आल्या की अखेरचे समजावणे बहुधा राजवाड्याकडूनच होते.

तालमींनी फुटबॉल का उचलला, याचे उत्तर बरेचसे हिशेबात सापडते. पैलवान घडवायला वर्षानुवर्षे दूध, तूप, बदाम आणि वस्ताद लागतो. एवढे करून मोठा होतो तो एकजण. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते आणि पंधरा-वीस पोरे एका वेळी पेठेचे नाव लावून उभी राहतात. मोकळ्या जागाही शहरात तयार होत गेल्या. शिवाजी पेठेतले गांधी मैदान हे एके काळचे वरुणतीर्थ तळे. तळे बुजले आणि पोरांना मैदान मिळाले. जुन्या कोल्हापूरच्या पाण्याविषयी हळहळणाऱ्यांनी हळहळावे, फुटबॉलवाल्यांची मात्र त्याबद्दल तक्रार नाही. सामने होतात ते रावणेश्वर मंदिराजवळच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर. फुटबॉलसाठी स्वतःचे स्टेडियम असलेली संघटना जिल्ह्याच्या पातळीवर देशात विरळाच आणि केएसएच्या वजनाचे ते मोठे कारण आहे. जिल्ह्यात दुसरे केंद्र गडहिंग्लज. तिथे एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर सामने होतात आणि गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन बाहेरचे संघ बोलावून स्पर्धा भरवते. पण तिथे गाव एकत्र येऊन पाहुण्यांविरुद्ध खेळते. कोल्हापूर शहर आपसांतच खेळते, आणि सारा फरक त्यातून पडतो.

हंगामाची चौकट ठरलेली आहे. आधी खेळाडूंची नोंदणी, मग केएसएच्या वरिष्ठ गटाची शाहू छत्रपती लीग. तिच्यात सोळा संघ. त्यानंतर बाद पद्धतीच्या चषक स्पर्धांची रांग लागते. हिवाळ्यात सुरू झालेला हा पसारा पावसाच्या तोंडावर आवरतो. लीग तसे पाहता खरी कसोटी: सगळ्यांशी खेळायचे, गुण जमवायचे, तळाला गेले तर खालच्या गटात उतरायचे. तरी गर्दी चषकांना जास्त होते, कारण तिथे हरलेला घरी जातो. टायब्रेकरपर्यंत ताणलेल्या काटाकिर्र सामन्याची आठवण कोल्हापूरकर दहा वर्षे सांगतो. लीगमध्ये कोण कितवे आले हे पुढच्या हंगामात कोणाला आठवत नाही.

संघ बांधण्याची जुनी रीत साधी होती. पोरगा गल्लीत खेळायचा, शाळेच्या संघात यायचा, तालमीच्या लहान गटात खेळायचा आणि कोणीतरी दुखावला की एक दिवस मोठ्यांत उतरायचा. त्याचा चुलता त्याच संघाचा जुना बॅक असायचा, मामा गोलरक्षक. बूट एकाचे दुसऱ्याला. प्रशिक्षक म्हणजे गुडघा गेल्यामुळे थांबलेला कालचा खेळाडू. पैसे नव्हतेच म्हटले तरी चालेल; चांगल्या खेळाडूला पोलिसांत, महापालिकेत, एसटीत किंवा गिरणीत नोकरी लागणे हे खरे बक्षीस होते. या रीतीत निवडीवरून भांडणे होत नव्हती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वरच्या गल्लीचा आत, खालच्या गल्लीचा बाहेर, अमक्याचा भाचा म्हणून जागा, हे आरोप तेव्हाही होते. पण भांडणातले सगळे एकाच पेठेचे होते. निवडलेला चुकला तरी तो आपल्यातला असायचा आणि सायंकाळी त्याला तोंडावर सुनावता यायचे.

पहिली फट पडली ती दोन पेठांमध्ये. शिवाजी पेठेचा खेळाडू मंगळवार पेठेच्या संघात, मंगळवारचा शिवाजीत, असे होऊ लागले. अंतर चालत दहा मिनिटांचे. खेळाडूच्या बाजूने कारण उघड होते: आपल्या संघात त्याच्या जागेवर आधीच दोघे आहेत, पलीकडे जागा मोकळी आहे आणि मानधनही मिळते. पेठेच्या बाजूने ते पोटच्या पोराने घर सोडण्यासारखे. म्हणून नोंदणीचे दिवस हा इथला सामन्यांच्या आधीचा सामना आहे. कोण कुठे सही करणार याच्या वावड्या उठतात, रात्री उशिरा घरी माणसे जातात, आईवडिलांना मध्ये घातले जाते, जुन्या उपकारांची उजळणी होते. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर कोणत्या संघातून कोण कुठे गेला याच्या याद्या येतात आणि त्या निवडणुकीच्या उमेदवारयादीसारख्या वाचल्या जातात. संघ सोडलेला खेळाडू जुन्या संघाविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरतो तेव्हा चेंडू त्याच्या पायाशी येताच होणारा गलका ऐकण्यासारखा असतो. त्याने गोल केला आणि आनंद दाखवला तर वर्षभर बोलणी. आनंद दाखवला नाही तर नव्या संघाचे समर्थक नाराज.

कोलकात्यात हे नाट्य फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले. मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बेंगॉल (१९२०) यांच्यात खेळाडूंची ओढाताण अशी चाले की नोंदणी होईपर्यंत त्यांना लपवून ठेवण्याचे प्रकार घडत. तिथल्या वैराला घोटी आणि बांगाल, म्हणजे पश्चिम आणि पूर्व बंगालच्या माणसांचे, वेगळ्या बोलीचे आणि फाळणीचे अस्तर होते. कोल्हापुरात यातले काही नाही. दोन्ही बाजूंची बोली एक, देवी एक अंबाबाई, तांबडा-पांढरा रस्सा एक, सोयरिकीही एकमेकांत. मेव्हणा समोरच्या गॅलरीत बसलेला असतो. वेगळेपणाला दुसरे काही कारण नसल्यामुळे संघ हेच कारण होते आणि म्हणून ते इतके घट्ट धरले जाते.

दुसरी फट मोठी होती. जिल्ह्याबाहेरचे, राज्याबाहेरचे आणि पुढे परदेशी खेळाडू आले. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियासारख्या देशांतले तरुण कोल्हापूरच्या पेठांचे कपडे घालून खेळू लागले. शहराने त्यांना पटकन आपलेसे केले. गल्लीतली पोरे त्यांच्याबरोबर फोटो काढू लागली, मराठीतले दोन-चार शब्द त्यांना शिकवू लागली, त्यांत सभ्य कमी. हे खेळाडू बहुधा आघाडीची फळी आणि बचावाचा मध्य या दोन जागांसाठी आणले जात, कारण उंची आणि ताकद तिथे जास्त लागते. खेळाचा वेग वाढला यात शंका नाही. उंच चेंडूवर कसे उभे राहायचे, धिप्पाड बचावपटूला अंगावर कसे घ्यायचे, हे स्थानिक पोरांना त्यांच्यामुळेच शिकावे लागले. पण अकरा जागा अकराच राहिल्या. बाहेरचा प्रत्येक खेळाडू पेठेच्या एका पोराच्या जागेवर उभा राहिला आणि तो पोरगा बाकावरून, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, सामना पाहत बसला.

इथून समर्थकांत दोन तट पडतात आणि दोन्ही तटांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. एक तट म्हणतो, चषक हवा तर खेळाडू आणा. समोरच्याने आणले आणि आपण निष्ठा कवटाळून बसलो तर दर रविवारी मान खाली घालायची तयारी ठेवा. दुसरा तट म्हणतो, भाड्याने आणलेल्या पायांनी जिंकलेल्या चषकाची मिरवणूक पेठेने का काढावी? पहिल्या तटातले लोक पराभवानंतर दुसऱ्यात जातात आणि दुसऱ्यातले विजयानंतर पहिल्यात, हेही खरे. बाहेरच्या खेळाडूने तीन गोल केले की तो ‘आपला’ होतो. पेनल्टी हुकली की तो पुन्हा ‘बाहेरचा’, आणि मग कितीला आणला होता याचे आकडे निघतात. हे आकडे सहसा दर कट्ट्यावर वेगळे असतात.

हा पेच जगात एकट्या कोल्हापूरचा नाही. स्पेनच्या बास्क प्रांतातील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या क्लबने १९१२ च्या सुमारापासून बास्क मातीतल्याच खेळाडूंना घेण्याचे धोरण पाळले आहे आणि तरी तो स्पॅनिश लीगच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. त्याच प्रांतातील रेआल सोसिएदादने तसाच नियम पाळला होता. १९८९ मध्ये आयरिश आघाडीपटू जॉन आल्ड्रिजला घेऊन त्याने तो सोडला. बिल्बाओचे उदाहरण कोल्हापुरात निष्ठावंतांना आवडेल, पण त्यात एक मेख आहे. बिल्बाओच्या मागे अख्खा प्रदेश आणि दशकानुदशके चालवलेली अकादमी आहे. कोल्हापूरच्या एका तालमीच्या मागे चार-दोन गल्ल्या. स्थानिकच खेळवायचे तर सहा वर्षांच्या पोरापासून सुरुवात करावी लागते आणि त्याचे फळ पुढच्या हंगामात मिळत नाही. सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा यांपेक्षा संख्येवर मर्यादा हा मधला मार्ग शहाणपणाचा आहे. अशी मर्यादा किती असावी यावर मात्र दर हंगामाआधी नव्याने खल होतो.

नोंदणीचे कागद हा वादाचा आणखी एक कायमचा उगम. परदेशी खेळाडू एका देशाच्या संघटनेकडून दुसऱ्या देशात खेळायला येतो तेव्हा फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागते. शिवाय व्हिसा कसला आहे हा प्रश्न वेगळाच. देशातल्या खेळाडूंची नोंदणीही आता अखिल भारतीय महासंघाच्या सीआरएस या संगणकीय प्रणालीत होते. एके काळी तालमीच्या पुढाऱ्याने शब्द दिला की नोंदणी झाली, अशी स्थिती होती. आता एकाच खेळाडूचे नाव दोन ठिकाणी आले की संगणकच बोट दाखवतो. पराभूत संघाचे हरकतीचे पत्र तरीही येतेच: समोरचा अमुक खेळाडू अपात्र होता, सामना रद्द करा. मैदानावर हरलेला सामना कागदावर जिंकण्याचा हा प्रयत्न समर्थकांना एरवी हलका वाटतो. आपल्या संघाने केला की त्याला न्यायाची लढाई म्हणतात.

या सगळ्याला पैसा पुरवतो कोण? पूर्वी पेठेतली वर्गणी, एखादा व्यापारी, एखादा गूळवाला अडत्या. नंतर राजकारण आले. पेठ हा मतदारसंघाचा तुकडा आहे आणि तालीम ही त्याची किल्ली, हे महापालिकेच्या राजकारणात सगळ्यांना ठाऊक आहे. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक, चंद्रकांत चषक ही स्पर्धांची नावे वाचली तरी शहराच्या पक्षीय नकाशाचा अंदाज येतो. उद्योजक चंद्रकांत जाधव स्वतः जुने फुटबॉलपटू. २०१९ मध्ये ते कोल्हापूर उत्तरमधून विधानसभेवर निवडून आले, २ डिसेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव विजयी झाल्या. फुटबॉलच्या मैदानातून विधानसभेपर्यंतचा रस्ता कोल्हापुरात कोणाला नवलाचा वाटला नाही. या आश्रयाने बक्षिसे वाढली, खेळाडूला चार पैसे मिळू लागले. त्याबरोबर खर्चाची चढाओढही लागली. एका तालमीने एक परदेशी आणला की दुसरीला आणावाच लागतो आणि मागे राहिलेल्या लहान संघाला निवड उरते ती खालच्या गटाची. पैसा देणारा बदलला की संघही बदलतो, ही भीती जुन्या समर्थकांच्या बोलण्यात वारंवार येते. ती निराधार नाही.

मैदानावरच्या वादांत पंच पहिला बळी. ऑफसाइडचा झेंडा, न दिलेली पेनल्टी, दुसरे पिवळे कार्ड, यांवरून खेळाडू पंचाला घेरतात, संघ मैदान सोडून जाण्याची धमकी देतो आणि गॅलरीतून बाटल्या येतात. पंच बिचारा याच शहरात राहतो. दुसऱ्या दिवशी दूध आणायला त्याला त्याच गल्लीतून जायचे असते. पंचगिरीचे मानधन पाहता या कामाला माणसे मिळतात हेच आश्चर्य.

त्याहून गंभीर गोष्ट हुल्लडबाजीची. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी, खंडोबा यांच्यातले सामने म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने बंदोबस्ताची तारीख. गॅलऱ्या वाटून दिल्या जातात, सुटताना एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर सोडले जाते. तरीही दगडफेक झाली आहे, स्टेडियमबाहेर गाड्या फुटल्या आहेत, भांडण पेठेपर्यंत गेले आहे, पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. अशा प्रत्येक प्रसंगानंतर दोन्ही पेठांकडून येणारे स्पष्टीकरण शब्दशः सारखे असते: दगड टाकणारी पोरे आमची नव्हती, बाहेरची होती. संघात बाहेरचा नको म्हणणाऱ्यांनाही इथे बाहेरचा माणूस सोयीचा पडतो. गुन्हा नोंदला गेला की त्याची किंमत खेळाशी संबंध नसलेल्या ठिकाणी मोजावी लागते. पोलीस भरती, लष्कराची भरती, पासपोर्ट, सगळीकडे चारित्र्य पडताळणी असते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला एका सामन्यातली हुल्लड फार महाग पडते.

केएसएच्या हातातली शस्त्रे म्हणजे दंड, खेळाडूवर बंदी, संघाचे निलंबन आणि वेळ आली तर सामने थांबवणे. अडचण अशी की शिस्त लावायची ती ज्यांना, ते संलग्न संघ हेच संघटनेचे घटक. शिवाय शिक्षा संघाला करता येते, गॅलरीला नाही. गोलरक्षकाने शिस्त पाळली आणि त्याच्या मागे बसलेल्या तीनशे जणांनी मोडली तर हंगाम बुडतो तो गोलरक्षकाचा. सामने बंद पडले की शहर अस्वस्थ होते आणि थोड्याच दिवसांत सगळ्या तालमींचे पुढारी एका सतरंजीवर बसून हमी देतात. मार्च २०२० मध्ये हंगाम थांबला तो या कारणाने नव्हे. करोनाच्या टाळेबंदीने मैदान ओस पडले आणि एकमेकांच्या नावाने शंख करणाऱ्या तालमी औषधे आणि अन्नधान्य पोचवण्यात गुंतल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरातही त्या तशाच उतरल्या होत्या.

एवढी आग असूनही शहरातून देशपातळीवर पोचलेले खेळाडू मोजके का, हा प्रश्न समर्थक स्वतःलाच विचारतात. सर्वांत ठळक नाव अनिकेत जाधव. जुलै २००० मध्ये जन्मलेला हा कोल्हापूरचा मुलगा पुण्याच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात निवडला गेला. भारताने अमेरिका, कोलंबिया आणि घानाविरुद्धचे तिन्ही सामने गमावले, पण दिल्लीच्या मैदानावर कोल्हापूरचे पोरगे विश्वचषकात उभे आहे हे पाहण्यासाठी इथल्या चौकांत पडदे लागले होते. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळला. त्याचा मार्ग नीट पाहण्यासारखा आहे: तो लहानपणीच पेठेच्या चक्राबाहेर पडला. तालमीचा फुटबॉल पंचविशीच्या माणसाला भरपूर देतो, बारा वर्षांच्या मुलाला फार थोडे. चषकाच्या मांडवावर जेवढे खर्चले जाते त्याचा छोटा वाटा जरी लहान गटांच्या प्रशिक्षकांवर खर्च झाला असता, तर बाहेरच्या खेळाडूंचा वाद निम्मा झाला असता.

व्यावसायिक लीग शहराच्या जवळून गेली, आत आली नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे हे दोन संघ होते. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. पुण्यासारख्या मोठ्या शहराच्या संघाला गाशा गुंडाळावा लागला, तर कोल्हापूरला स्वतःचा व्यावसायिक संघ परवडेल काय, ही शंका रास्तच आहे. त्यातही मोठी अडचण पैशाची नाही. पेठा एका कपड्याखाली यायला हव्यात. महिला फुटबॉलमध्ये ती अडचण आली नाही, कारण तिथे पेठेचे ओझे नव्हते. एफसी कोल्हापूर सिटी या नावाने शहराचा संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरला. जिथे तालमींची नावे एवढी जुनी, तिथे शहराचे नाव छातीवर घालून देशाच्या लीगमध्ये पहिल्यांदा मुली खेळल्या, ही नोंद इतिहासात मोठ्या अक्षरांत यायला हवी. गॅलरीत मात्र ती अजून तितकी चर्चिली जात नाही.

दर चार वर्षांनी विश्वचषक येतो तेव्हा हीच पेठांची विभागणी जगाच्या नकाशावर पसरते. गल्ल्यांवर ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी, पोर्तुगालचे झेंडे लागतात, चौकात मेस्सी आणि रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभे राहतात आणि त्या संघांत कोणाला घ्यायला हवे होते यावर, ज्यांचा त्या देशांशी काडीचा संबंध नाही, असे लोक रात्र जागवतात. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिना जिंकल्यावर शहरात फटाके फुटले ते दिवाळीच्या तोडीचे. ब्राझीलवाल्या गल्ल्यांत त्या रात्री दिवे लवकर मालवले गेले.

मृगाचा पाऊस सुरू झाला की शाहू स्टेडियमचे फाटक बंद होते आणि मैदानाला विश्रांती मिळते. चषक तालमीच्या कपाटात जातो, कपडे धुऊन घडी होतात, परदेशी खेळाडू निघून जातात. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याच तालमी पुन्हा एकमेकांसमोर येतात. दसरा झाला की नोंदणीचे अर्ज निघतात आणि कोण राहिला, कोण गेला, कोणाला आणला याची यादी कट्ट्यावर पुन्हा वाचली जाते.